किलसूचा डावा गाल

प्यो किलसूचा उजवा गाल पन्नाशीचा आहे आणि डावा सत्तरीचा. मी उगाच बोलत नाही. पंचवीस वर्षं आठवड्यातून दोनदा त्याची दाढी मीच करते. आमच्या दुकानात केस आमचे हे कापतात, वस्तरा माझ्याकडे. कांगजिनमधल्या निम्म्या पुरुषांच्या हनुवट्या त्यांच्या बायकांपेक्षा मला जास्त ठाऊक आहेत.

किलसू गावची बस चालवतो. बसमध्ये त्याची जागा डावीकडे, खिडकीला अगदी चिकटून. तीस वर्षांचं ऊन त्या एकट्या गालानं खाल्लं. काळाकुट्ट, जाड, नुसत्या सुरकुत्या; वस्तरा तिथे अडखळत जातो. "भाऊजी, निघताना सनस्क्रीन लावत जा," हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण ऐकेल तर शपथ! "वहिनी, ते सेऊलच्या पोरांचं काम," म्हणायचा आणि डोळे मिटून गरम टॉवेलखाली घोरायचा.

मग त्याच्या बोरामचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जेवायला बसली, तेव्हा सेऊलच्या व्याह्यांची खुर्ची नेमकी किलसूच्या डाव्या हाताला आली. बिचाऱ्यांनी गाल बघितला आणि अदबीनं दोन्ही हातांनी त्याचा पेला भरला, दादा दादा म्हणाले, स्वतः प्यायले ते थोरल्यांसमोर पितात तसं तोंड वळवून. नंतर वयं निघाली. व्याहीच दोन वर्षांनी मोठे! सगळे हसले, किलसूही हसला.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत बसला तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं. तोंडाला फेस तसाच, आणि म्हणतो, "वहिनी, पोरीला हात धरून हॉलमध्ये मीच नेणार, तीनशे माणसं बघणार. त्यांना वाटेल, पोरगी आजोबाचा हात धरून चाललीय. महिना आहे हातात. दोन्ही गाल सारखे करून द्या."

मी काय जादूगार आहे? तरी म्हटलं, बोरामने पाठवलेले ते चेहऱ्यावर चिकटवायचे ओले मास्क वापरा. दहा होते. या गृहस्थानं कात्रीनं प्रत्येकाचे उभे दोन तुकडे केले. एक अर्धा आज डाव्या गालावर, दुसरा उद्या उलटा करून पुन्हा डाव्याच गालावर. वीस दिवस! उजव्याला कशाला वाया घालवायचा, म्हणे. विसाव्या दिवशी डावा गाल मऊ झाला, पण काळा तो काळाच.

मग त्यानं स्वतःचं डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. डावा उजळत नाही ना? मग उजवा काळा करू! सुट्टीच्या दिवशी भर दुपारी समुद्राच्या बंधाऱ्यावर जाऊन उजव्या गालाला तिळाचं तेल चोपडून आडवा झाला. सोबत माक्कोल्लीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली. ती संपल्यावर डोळा लागला तो थेट तीन वाजता उघडला.

संध्याकाळी दारात उभा राहिला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. उजवा गाल लालबुंद, टम्म फुगलेला. लग्नाला पाच दिवस!

"डोक्यावर पडलात का हो भाऊजी?" मी ओरडले. आमचे हे पाठ फिरवून हसत होते, त्यांनाही चार शब्द सुनावले. काकडीचे काप लावले, कोरफडीचा गर लावला. चौथ्या दिवशी कातडीचे पापुद्रे निघायला लागले. वस्तरा लावायची सोय नाही, वर पावडर बसेना.

"राहू दे वहिनी," तो हळूच म्हणाला. "आजकाल नवरानवरी दोघंच चालत येतात. बोरामला तसंच सांगतो. मी आपला पुढे खुर्चीवर बसून बघीन."

मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. बोरामची आई गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची. वीस वर्षं हा माणूस या एका दिवसाची वाट बघत होता.

मी सरळ बोरामला फोन लावला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती बॅगेसकट दुकानातच आली.

"अप्पा, इकडे बघा. हा उजवा कुणी भाजला?"

"मीच."

"का?"

"डाव्याला जोड म्हणून."

ती आधी खो खो हसली. मग बापाच्या खांद्यावर एक गुद्दा घातला आणि रडायलाच लागली. "शाळा सुटली की मी कुठे असायचे, अप्पा? तुमच्या बसमध्ये उजवीकडच्या पहिल्या सीटवर, शेवटच्या फेरीपर्यंत. हा गाल बघत बघत मी पाढे पाठ केले. माझ्या वाटणीला हा एवढाच गाल यायचा, तोही भाजून ठेवलात!"

किलसूनं हळूच उजवा गाल हातानं झाकला.

"डावीकडे मला कधी येताच आलं नाही, तिथे खिडकी होती," ती नाक पुसत म्हणाली. "उद्या मी तिथूनच चालणार. खुर्चीवर बसायचं नाव काढलंत तर लग्न मोडीन."

सकाळी मी जपून जपून फक्त डाव्या बाजूची दाढी केली, उजवीकडे नुसती कात्री चालवली. हॉलमधली बाई सांगत होती, वधूनं वडिलांच्या उजवीकडे उभं राहायचं. बोराम तिच्याकडे न बघता सरळ डावीकडे गेली आणि बापाच्या दंडात हात घालून त्या काळ्या गालाला गाल लावला. मग दोघं निघाले. किलसूच्या डोळ्यातून घळाघळा पाणी.

आता खिशात सनस्क्रीनची कांडी घेऊन फिरतो, स्टॉप आला की डाव्या गालावर ओढतो. त्या रडण्याची मी थट्टा केली की म्हणतो, "अहो वहिनी, भाजलेल्या गालावर खारं पाणी झोंबत होतं, म्हणून रडत होतो."

खोटारडा. मी पहिल्या रांगेत होते. उजवा गाल कोरडा होता. लेकीकडच्या डोळ्यातूनच काय ते वाहत होतं.