चार टक्क्यांची मंडळी

एका कचेरीत माणूस तीस वर्षं बसला, की तिथलं कपाट जसं जुन्या कागदांनी भरतं तसा तोही किश्शांनी भरत जातो. फेकायचे म्हटले तर फेकवत नाहीत. मी अमरावतीच्या सरकारी खजिन्यात कारकून होतो. अमेरिकेतल्या लढाईची चार-पाच वर्षं सोडली, तर बाकी नोकरी जांभया देण्यात गेली. पण तेवढ्या वर्षांत इतके शहाणे पाहिले, की वेड्यांबद्दलचं माझं मत कायमचं सुधारलं.

माझं काम सरकारी रोख्यांचं. तुम्ही सरकारला पैसे द्यायचे, सरकार तुम्हांला कागद देणार, आणि वर्षाला चार टक्के व्याज आमच्या खिडकीवर, निम्मं-निम्मं करून, दर सहा महिन्यांनी मिळणार. तिकडे लढाईमुळे अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आलेला. अशा दिवसांत आम्ही हे रोखे खपवायला बसलो होतो.

पहिले आले ते अकोल्याकडचे एक देशमुख. जरीचा फेटा, पायांत करकरणारे नवे जोडे. मी अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठले.

"चार टक्के वर्षाले होय?" ते म्हणाले. "मले वाटलं आठवड्याले."

आमचे हेड कारकून दामूअण्णा पुण्याचे. मुंबईचं वर्तमानपत्र आलं की आधी अण्णा वाचत, आणि मग व्हरांड्यात बसून कापसाचं भविष्य सांगत. पेढीवरचे मोठमोठे अडते त्यांच्यापुढे पानाचा डबा उघडून बसायचे. अण्णांनी उभ्या जन्मात कपाशीचं बोंड हातात धरलं नव्हतं, पण ते कुणालाच अडचणीचं वाटत नव्हतं.

एकदा सकाळी त्यांनी एका अडत्याला सांगितलं, "माल दाबून ठेवा, भाव चढणार." दुपारी दुसऱ्याला सांगितलं, "विकून मोकळे व्हा, लढाई संपत आली." हे दोघे निघाले एकमेकांचे व्याही. संध्याकाळी एका पंगतीला बसले, तेव्हा बोलणं निघालं. दुसऱ्या दिवशी दोघेही कचेरीत हजर.

"अण्णा, यातलं खरं कोनतं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "तुम्ही एका घरचे, म्हणून मुद्दाम दोन भविष्यं सांगितली. एकाचं तरी भलं होईल."

दोघे अण्णांचे आभार मानून गेले. ते आभार मला अजून पचलेले नाहीत.

पातूरकडचे दोन भाऊ तर खिडकीवर आले ते हातात अर्धा अर्धा रोखा घेऊन. वडिलांनी घेऊन ठेवलेला एकच रोखा होता. वडील गेले, वाटण्या झाल्या, आणि पंचांनी दोरीने मापून शिंप्याकडून त्याचे दोन तुकडे करून दिले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता हे दोन्ही तुकडे कलकत्त्याला पाठवायचे, तिथून नवा कागद येईपर्यंत व्याज बंद. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. थोरल्याला दुःख वेगळंच होतं.

"ते राहू द्या, कारकूनसायेब. पंचाईनं अन्याव केला त्याचं बोला. सायबाची सही याच्या वाट्याले गेली अन् माह्या वाट्याले नुसता आकडा."

आमच्या गिऱ्हाइकांत चंद्रभागा नावाची एक माळीण होती. गावाबाहेर तिचा विहिरीवरचा मळा. शेजाऱ्यांनी ज्वारी मोडून, भाजी मोडून कापूस पेरला. हिने वांगीच लावली. मग भाजी तेवढी हिच्याच टोपलीत उरली, आणि कापसावर श्रीमंत झालेले लोक वांग्यांसाठी तिच्या दारात भांडू लागले. आलेल्या पैशाचे ती रोखे घेई. अण्णांना ते बघवेना. त्यांनी स्वतःचा वडिलार्जित रोखा विकून मुंबईच्या एका कंपनीचे शेअर घेतले होते.

"चंद्रभागा, चार टक्क्यांत काय पडलंय? ही कंपनी मुंबईचा समुद्र बुजवून जमीन काढणार आहे. वर्षात पैसे दुप्पट."

तिने टोपली खाली ठेवली. "काहून अण्णा, कोरडी जमीन सरली का मुंबईची? अन् समुद्राले इचारलं का त्याईनं?"

अख्खा व्हरांडा तिला हसला. मीही हसलो. नुसता हसलो नाही, त्याच महिन्यात सासऱ्यांनी माझ्या मुलीच्या लग्नासाठी दिलेला रोखा विकून त्याच कंपनीचे शेअर घेतले. शेअरच्या कागदावर जहाजाचं फार सुरेख चित्र होतं. मी ते मोठ्या ऐटीत बायकोला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"समुद्र बुजवल्यावर हे जहाज जाईल कुठं?" ती म्हणाली.

तुला यातलं काही कळत नाही, असं मी तिला सांगितलं.

मग लढाई संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. बाजारात कापसाच्या गाड्या बैल सोडून उभ्या, घेणारा कुणी नाही. अण्णा व्हरांड्यात बसून म्हणाले, "ही नुसती डुलकी आहे. बाजार दोन दिवसांत उठेल."

पंधरा दिवसांनी म्हणाले, "झोप जरा गाढ दिसते."

त्या दोन व्याह्यांपैकी एक समोरच बसला होता. घरातली चांदी विकून आलेला. तो म्हणाला, "अण्णा, एकदा नाडी तं पाहून घ्या."

कंपनी बुडाली, वर शेअरचे राहिलेले हप्ते भरा म्हणून पत्रं आली. माझ्या मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं. अण्णांनी शेअर भरमसाट घेतले होते, त्यांचं राहतं घर जायची वेळ आली. त्यांनी कचेरीत येणंच सोडलं.

एके दिवशी भर दुपारी चंद्रभागा खिडकीवर आली. मागे डोक्यावरून पदर ओढून कुणी बाई उभी. पाहतो तर अण्णांच्या पत्नी, यमुनावहिनी. चंद्रभागेने फडक्यातून रोख्यांचा चांगला जाड गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. मीच तिला दिलेले रोखे. उलटून पाहिले तर प्रत्येकाच्या पाठीवर हक्क लिहून दिल्याचा चंद्रभागेचा अंगठा, आणि नवा मालक म्हणून यमुनावहिनींचं नाव.

"वैनी एकेक पाटली मोडत गेली," चंद्रभागा म्हणाली, "अन् मी कागद आणून देत गेली."

"विकायचे आहेत," वहिनी म्हणाल्या. "घर सोडवायचंय."

"अण्णांना ठाऊक आहे?"

"आज सांगेन."

मला राहवेना. "वहिनी, अख्खी अमरावती अण्णांच्या शब्दावर चालत होती. तुम्ही कशा नाही चाललात?"

त्यांनी पदर सावरला.

"पाहुणे येणार म्हणून सांगतात ना, तेव्हासुद्धा मी यांच्या भरवशावर डाळ भिजत घालत नाही."