शीरवाल्या बाई

शीर शोधताना बाई डोळे मिटून घ्यायच्या. दोन बोटं मनगटावरून हळूहळू फिरवायच्या. "डोळे फसतात साहेब, बोटं नाही फसत," असं म्हणायच्या. तिसगावच्या पुढे एक छोटं सरकारी आरोग्य केंद्र होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे नवखा डॉक्टर होतो आणि त्या जुन्या सिस्टर, मूळच्या श्रीरामपूरच्या. गावाने त्यांचं नाव शीरवाल्या बाई ठेवलं होतं. मी सलाईन लावायला गेलो की माणसं हात मागे घेत. "डागदर, तुमी ऱ्हाऊ द्या. बाई कुटं हायेत?"

एका उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यामागोमाग जुलाब-उलट्यांची साथ आली. भर दुपारी वर्षाचं एक पोर आणलं. अंग गार, डोळे खोल गेलेले. बाईंनी हात, पाय, कपाळ सगळं चाचपलं आणि डोळे उघडले. "शिरा मिटल्यात साहेब."

अशा वेळी गुडघ्याखालच्या हाडात सुई घालून सलाईन देता येतं, हे मी शिकलो होतो. स्वतः केलं नव्हतं. सुई काढली आणि थांबलो.

"पाय मी धरलाय. घाला," बाई म्हणाल्या.

जाड सुई फिरवत दाबली. हाडाचा अडसर एकदम सुटला, सुई आत गेली आणि सलाईन चालू झालं. काही वेळाने पोर रडलं. त्याच्या आईबरोबर बाईही रडल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला शिकवा. तुम्ही नसलात म्हणून पोरं यायची थांबत नाहीत."

"ते डॉक्टरचं काम, बाई. काही झालं तर तुमच्या नोकरीवर येईल."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी नगरला बैठकीला गेलो. परतलो तेव्हा बाई रिकाम्या खाटेजवळ बसल्या होत्या. दहा महिन्यांची मुलगी आली होती. शीर मिळाली नाही. नाकातल्या नळीने पाणी देत राहिल्या, पण मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत ती गेली.

"सुई हातात घेतली होती," बाई म्हणाल्या. "ठेवून दिली."

मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बोकडाचं हाड आणवून मी त्यांना शिकवलं. पहिल्याच खेपेला जमलं. माझ्याकडे न बघता त्यांनी हात धुतले.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाला. चार शब्द बोला, असा आग्रह झाला. बाई उठल्या.

"तिचं नाव सविता होतं," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाईंना भरून आलं, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.