गवतावरचं धोतर

सायखेड्याला नदीवर आमच्या गावच्या शाळेचा एक शिपाई घरचं धुणं घेऊन यायचा. पँट मोज्यात खोचलेली, बसायला पालथी बादली, कपडे वाळवायला स्वतःची दोरी. गवतावर कधी टेकला नाही. माणूस दिसला की सुरू व्हायचा, "बाबा, सावलीतल्या ओल्या गवतात बारीक लाल किडे असतात. डोळ्याला दिसत नाहीत. कपड्यातून अंगावर येतात आन् कंबरेला, घोट्याला चावतात. पटतंय का?"

मी म्हणालो, "तू शिपाई का मास्तर? साठ वर्षं माझं धोतर ह्याच गवतावर वाळतंय."

कंबर खाजून आठ दिवस माझी झोप उडाली होती, पण ते त्याला कशाला सांगू? एकदा आंघोळ करून वर आलो, तर धोतर त्याच्या दोरीवर, उन्हात.

"हात का लावला?"

"तुमच्या कंबरेवरचं पुरळ दिसलं. घरी गरम पाण्यानं, साबण लावून अंग धुवा. पटतंय का?"

लय राग आला. दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची दोरी नेली. पण काठावर एकच बाभूळ मोकळी होती. एक टोक तिला बांधलं, तर दुसरं हातात धरून तो शिपाईच उभा राहिला. मी दोरीवर धोतर टाकलं. धोतर वाळेपर्यंत तो एकदाही 'पटतंय का' म्हणाला नाही.