दुपारचा घास आणि पॉइंट टू-टू

दुकानातल्या त्या भिंतीसमोर मी अर्धा तास उभा होतो. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत नुसती खोकी, आणि सगळ्यांवर एकच आकडा: पॉइंट टू-टू. एकाच मापाच्या गोळीचे इतके प्रकार असू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी काउंटरवरच्या माणसाला माझी दया आली. "व्हॉट आर यू शूटिंग?" त्याने विचारलं. प्रश्न सोपा होता. कागदावर मारणार, रिकाम्या डब्यांवर मारणार की एखाद्या जनावरावर, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, "रॅट्स." खरं उत्तर लांबलचक होतं आणि ते मी तोवर घरातही कुणाला धड दिलं नव्हतं.

कॉलेजात मी एनसीसीत होतो. तिथे हीच पॉइंट टू-टू रायफल असायची. उस्ताद तळहातावर पाच गोळ्या मोजून ठेवायचा आणि नंतर पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायचा. कुठली गोळी, कुठल्या बनावटीची, हा प्रश्नच नव्हता. पालथं झोपायचं, श्वास धरायचा आणि पाच भोकं जमतील तितकी जवळ पाडायची. याला ग्रुपिंग म्हणत. माझं ग्रुपिंग बरं होतं. पुढे तीस वर्षं मी त्याबद्दल पार्ट्यांमध्ये इतक्यांदा बोललो, की त्यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती, हे आता माझं मलाही सांगता येणार नाही.

खरं उत्तर बाबांपासून सुरू होतं. बाबा गेले, तेव्हा दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढत होतं, गुरुजी घड्याळ बघत होते. मामांनी काय काय कबूल करून पाहिलं. कावळे समोरच्या कठड्यावर बसून होते, पण एक खाली येईल तर शपथ. मग मी पुढे झालो आणि हात जोडून मोठ्याने म्हणालो, "बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन जातो. तिला एकटं ठेवणार नाही." आणि एक कावळा टुणकन उतरला, शितं उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई तिथे नव्हतीच, आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. तिला काय ठरलं ते आम्ही घरी आल्यावर कळलं.

आई अमेरिकेत आली तेव्हा आम्ही शुगर लँड नावाच्या उपनगरात राहत होतो. तिथे तिला चालत जाण्याजोगी एक पायवाट होती, तळं होतं, संध्याकाळी बाकावर येऊन बसणाऱ्या दोन-तीन मावश्या होत्या. ती रुळत होती असं मला वाटतं. पण तोवर मला शेतीची हौस आली होती. शहराबाहेर तासाभरावर अकरा एकर जमीन आणि घर घेतलं. सगळे म्हणाले, वा. मीही म्हणालो, वा. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत जायलाच दहा मिनिटं चालावं लागतं, आणि त्या रस्त्यावर चालणारं माणूस दिसलं तर लोक गाडी थांबवून "आर यू ओके?" विचारतात. आई ड्राइव्ह करत नाही. बायको शहरातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, मुलगी दूर ॲन आर्बरला कॉलेजात शिकते. मी तीन दिवस घरून काम करतो, म्हणजे खोलीचं दार लावून कॉम्प्युटरशी बोलतो. आपण चूक केली हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. पण गृहप्रवेशाला शंभर माणसांना जेवू घातलेल्या माणसाला ते म्हणता येत नाही. मी फसलो होतो आणि सोबत तिघींना घेऊन फसलो होतो.

इथे आल्यावर आईने घास सुरू केला. रोज बारा वाजता वरणभात, वर तूप, पोळीचा तुकडा, हे सगळं केळीच्या पानावर घेऊन ती मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यातल्या जाड खांबावर ठेवायची आणि थोडा वेळ तिथेच उभी राहायची. कावळे काही येईनात. एकदा काळा पक्षी येऊन बसला तेव्हा मी उत्साहाने म्हटलं, "आई, बघ, आला!" ती म्हणाली, "हा कावळा नाही. याचे डोळे पिवळे आहेत." तो ग्रॅकल होता, इथल्या दुकानांच्या पार्किंगमध्ये शेकड्यांनी असतात ते. पुन्हा मी तिला फसवायच्या भानगडीत पडलो नाही, निदान पक्ष्यांच्या बाबतीत.

कावळ्यांऐवजी उंदीर आले. आधी खांबाखाली, मग शेडमध्ये, मग गॅरेजमध्ये. ऑगस्टमधल्या एका दुपारी बायकोची गाडी भर फ्रीवेवर बंद पडली. उंदरांनी इंजिनातल्या वायरी कुरतडल्या होत्या. टो ट्रक येईपर्यंत ती दीड तास उन्हात उभी होती. घरी आल्यावर ती ओरडली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "भात बंद करायला तू आईंना सांगणारेस, की मी सांगू?" तिने विचारलं.

"मी बघतो काय ते," मी म्हणालो.

"बघू नकोस. सांग." दुसऱ्या दिवसापासून ती आठवड्यातले चार दिवस शहरात मैत्रिणीकडे राहायला लागली.

आईला एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगण्याऐवजी मी शेजारच्या म्हाताऱ्याकडून बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची, रायफल मागून आणली. मुलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू बॉरोड अ रायफल टु अव्हॉइड अ कॉन्व्हर्सेशन?" मी म्हटलं, "इट्स कॉम्प्लिकेटेड."

कॉम्प्लिकेटेड मी ते करून दाखवलं. या गोळीला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि रायफलची पिन त्या कडेवर आपटते. एकदा वाजली की पुंगळी कचऱ्यात, पुन्हा भरता येत नाही. पुढे शिशाचा जो तुकडा असतो तो कुठे भरीव आणि गोल नाकाचा, कुठे टोकाला खड्डा असलेला. भरीव गोळी कागदाला उत्तम. पण ती उंदरातून आरपार जाते आणि कडक जमिनीला घासून भलतीकडे उडू शकते. खड्ड्याची आत शिरल्यावर फुलते आणि बहुधा तिथेच थांबते, जनावर तडफडत राहत नाही. बारीक छऱ्यांची काडतुसंही मिळतात. लोक ती खास उंदरांसाठी घेतात, पण चार पावलांपलीकडे त्यांचा काही उपयोग नाही. वेगाचं प्रकरण आणखी वेगळं. हाय-व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगाच्या पुढे जाते आणि हवेत चाबूक वाजल्यासारखा फटका येतो. सबसॉनिक त्या वेगाच्या खाली राहते, तिचा आवाज दबका.

मला सबसॉनिक हवी होती. मी शेजाऱ्याला सांगितलं, उंदीर बिचकायला नकोत म्हणून. खरं कारण, आई एक ते तीन झोपते.

शेजारी म्हणाला, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचू नकोस, हातातल्या रायफलला काय आवडतं ते तिला विचार. म्हणजे प्रत्येक प्रकारचं एकेक खोकं आणायचं, पंचवीस यार्डांवर कागद लावायचा आणि पाच-पाच मारून ग्रुपिंग बघायचं. गोळी बदलली की पहिल्या दहा-बारा नुसत्या उडवून द्यायच्या, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण आणि शिसं बसलेलं असतं. नव्या गोळीची सवय होईपर्यंत नळी नेम धरत नाही. मी आमच्या जमिनीवरचं तळं खणताना निघालेल्या मातीच्या उंच बांधाला कागद टेकवले आणि तीन आठवडे, शनिवार-रविवार दुपारी, शेडच्या सावलीत पालथा पडून राहिलो. पोट आता एनसीसीतलं राहिलं नव्हतं. नेमबाजांच्या महागड्या गोळ्यांचं ग्रुपिंग बशीएवढं आलं. सुट्या, खळखळ वाजणाऱ्या मोठ्या डब्यातल्या गोळ्यांचं तर ग्रुपिंग म्हणावं असं काही आलंच नाही. शेवटी एका साध्याशा खोक्यातल्या खड्ड्याच्या सबसॉनिक गोळ्यांनी पाच भोकं अंगठ्याखाली झाकतील इतकी जवळ पाडली. मला लाज वाटावी इतका आनंद झाला.

"दुपारचं काय रे वाजतं ते?" आईने एकदा जेवताना विचारलं.

"नेल गन, आई. कुंपणाच्या फळ्या ठोकतोय."

बावन्नाव्या वर्षी आईशी खोटं बोलायला मला दहावीतल्यापेक्षा कमी वेळ लागला.

मग एका संध्याकाळी, उजेड असतानाच, मी शेडच्या ओट्यावर झोपून खांबावर रायफलची दुर्बीण धरली. पानावर दुपारचा भात वाळला होता. उंदीर खांबावरून खाली आला, पुढच्या पायांत शीत धरून बसला. मागे बांध होता, सगळं रीतसर होतं. मी श्वास धरला आणि दाबलं. तो जागच्या जागी आडवा झाला. त्याच्या तोंडात अजून भात होता. बाबांच्या नावाने ठेवलेला भात, माझ्या आईच्या हातचा. मी त्याला खड्ड्यात पुरलं, हात तीनदा धुतले आणि आईसोबत बसून गरम पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी, मिठाच्या जागी, एक पितळी पुंगळी ठेवलेली होती.

"हे नेल गनचं का?" आईने विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. उंदीर, वायरी, फ्रीवे, बायको घरी का नसते ते. शेवटी ते एक वाक्यही सांगितलं: घास ठेवू नकोस.

"एवढंच होतं तर एक वाजता मी पान उचलून आणलं असतं," ती म्हणाली. "दिवसभर बाहेर राहू दे असं कुणी सांगितलंय?"

माझ्याकडे फक्त तीन आठवड्यांचा अभ्यास होता.

मग ती म्हणाली, "दोन कावळे यायला लागले होते. खरे. कुंपणावर बसायचे, खाली बघायचे. तुझं वाजायला लागलं आणि गेले."

"आई, कावळा आला काय, नाही आला काय. इतकं काय त्याचं?"

ती पुंगळी बोटाने ताटाच्या कडेला फिरवत राहिली. "तू घाटावर कबूल केलंस म्हणून कावळा शिवला. मला सगळ्यांनी सांगितलं. तुझा शब्द मला मोडता येत नाही रे. म्हणून रोज यांना सांगते, पोराला शब्दातून मोकळं करा, मला घरी जाऊ द्या. इथला कावळा शिवला की तुला तिकीट काढायला सांगणार होते."

घरी म्हणजे कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट आम्ही विकला नव्हता. ती विकू देत नव्हती आणि मी कधी का विचारलं नव्हतं.

"आत्ता काढतो," मी म्हणालो. "कावळ्याचं काय मध्येच?"

"नाही. आधी शिवू दे. तू त्यांना शब्द दिलास, मला नाही."

त्या दिवसापासून पान एक वाजता आत यायला लागलं. गॅरेजला पत्रे ठोकले. दोन महिन्यांत उंदीर जवळजवळ गेले आणि बायको आठवड्यातले पाच दिवस तरी घरी राहायला लागली. "एवढंच करायचं होतं?" ती म्हणाली. रायफल मी शेजाऱ्याला परत केली. उरलेली सहा-सात खोकी त्याला देऊ केली, तर तो म्हणाला, माझ्या रायफलला काय आवडतं ते मला माहीत आहे. ती अजून शेडमध्ये फळीवर आहेत.

आता रविवारी बारा वाजता मी आईबरोबर बाहेर बसतो. दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, समोर खांब. आम्ही फार बोलत नाही. ती रोज एकटी उभी राहायची तिथे आता मी असतो, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातला तो तास मला सगळ्यात आवडतो. तिला पुण्यात कोण आहे? दोन खोल्या, वरच्या मजल्याचा जिना, एक कामवाली. पडली तर कुणाला कळणार? हे सगळं मी स्वतःला सांगतो. त्याच्या मागे एक साधी गोष्ट आहे: ती गेली तर या अकरा एकरांत मी काय करणार आहे?

गेल्या रविवारी बाटली रिकामी झाली म्हणून आई आत गेली. जाळीचं दार आपटलं आणि तेवढ्यात कावळा आला. खरा, काळ्या डोळ्यांचा. आधी कुंपणावर बसला, मग खांबावर उतरला. मान वाकडी करून पानाकडे बघितलं. चोच भातापासून वीतभर असेल.

मी उठलो आणि टाळी वाजवली.

तो उडाला, बांधावरून तळ्याच्या पलीकडे गेला. आई भरलेली बाटली घेऊन बाहेर आली, खुर्चीत बसली, आणि सवयीने खांबाकडे बघितलं.

"आला होता का रे?"

"नाही," मी म्हणालो.