तिसरं कडवं

ते हिंदी गाणं पहिल्यांदा ऐकलं ते हैदराबादेत, नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनात, आकाशपाळण्याखाली. पाळणेवाला एकच कॅसेट पुन्हा पुन्हा लावत असे. ठेका असा, की रांगेतल्या लोकांचे पाय आपोआप हलायचे. शब्द ऐकणारे कमी होते. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई ते गाणं म्हणते. पहिल्या कडव्यात ती त्याच्यासाठी केलेल्या स्वयंपाकाची आठवण काढते. दुसऱ्यात त्याच्या घराच्या दारं-खिडक्यांची नीट चौकशी करते. तिसऱ्यात बाहेरून कडी लावते आणि काडी ओढते. मग पुन्हा तेच टाळ्यांचं धृपद.

माझी ताई तेव्हा जामबागेतल्या कॉलेजात होती. तिने कॅसेट घेतली आणि सगळं गाणं पाठ केलं.

काही महिन्यांत वाद उठला. मोर्चे निघाले, कोठी बाजारातल्या दुकानदारांनी कॅसेट फळीवरून काढून टाकल्या. कंपनीने तिसरं कडवं कापून नवी कॅसेट आणली. आज लोकांना आठवतं ते हे कापलेलं गाणं. लग्नाच्या संगीतात त्यावर सासू-सुना मिळून नाचतात.

ताई मात्र पूर्ण गाणं म्हणायची. वाद ऐन भरात असताना मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिने तेच निवडलं. मंडळात हिंदी गाण्यांना मनाई नव्हती. हैदराबादच्या मराठी माणसाचं निम्मं आयुष्य तसंही त्या भाषेत जातं. आमच्या ओळखीतल्या मुलींना गायला मिळेल असं ते एकच स्टेज होतं.

मंडळाचे चिटणीस वकील होते. सगळे त्यांना वकीलकाका म्हणत. वधू-वर सूचक केंद्रही तेच चालवत. शहरात जुनी मराठी घरं मोजकी, त्यामुळे कोणाचं कुठे जमायचं हे बरंचसं त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्याशी वाकडं घ्यायला कोणी धजत नसे.

ताईचं दुसरं कडवं संपत आलं तेव्हा ते स्टेजवर चढले. तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "या मुलीवर घरात संस्कार झालेले नाहीत. मंडळ सर्वांची माफी मागतं."

आमचे वडील तिसऱ्या रांगेत होते. सरकारी शाळेत शिक्षक होते. निम्म्या सभागृहाच्या मुलांना त्यांनी शिकवलं होतं. ते उठून बाहेर गेले. दारातल्या चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःची जोडी सापडेना. लोक माना वळवून बघत होते आणि वडील वाकून चपला शोधत होते. कोणी मदतीला उठलं नाही.

त्यानंतर वडील त्या सभागृहात गेले नाहीत. मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आईला येईनासं झालं. ताईसाठी केंद्रात चौकशी आली की काका एवढंच विचारत, "कोण, ती गाणारी का?" पुढे कोणी विचारायला येत नसे. ताई बँकेत लागली, लग्न केलं नाही. गाणं घरात, दार लावून.

वडील गेले तेव्हा वकीलकाका भेटायला आले. चहा घेतला, "सज्जन माणूस" म्हणाले. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ते गेल्यावर त्यांचा कप विसळताना म्हणाली, "माइकवर बोलले होते. माइकवरच मागे घ्यायला लावीन."

मी तेव्हा वर्तमानपत्रात उपसंपादक होते. मला तिचं म्हणणं रास्त वाटलं. पहिल्या पानावर एखाद्याची अब्रू घ्यायची आणि खुलासा आतल्या पानावर जाहिरातीखाली टाकायचा, हे मी रोज बघत होते.

मध्ये बरीच वर्षं गेली. मंडळ नव्या लोकांच्या हाती आलं. ही मंडळी पुण्या-नागपूरकडून नोकरीला आलेली, कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये राहणारी. जुनं त्यांना काही ठाऊक नव्हतं. गेल्या गणेशोत्सवाआधी नव्या चिटणीसबाईंचा ताईला फोन आला.

"मॅडम, नाइन्टीजची थीम आहे. तुम्ही छान गाता असं तुमच्या शेजाऱ्यांकडून कळलं. आणि त्याच दिवशी वकीलकाकांचा सत्कार आहे, म्हणजे डबल धमाल!"

ताई म्हणाली, "येते."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. चिटणीसबाईंना आधी काही कल्पना द्यावी, असं आम्हा दोघींनाही सुचलं नाही, असं मी लिहू शकते. ते खरं होणार नाही. सुचलं होतं. दिली नाही.

सभागृह तेच, खुर्च्या नव्या. मी तिसऱ्या रांगेत बसले. वकीलकाका ऐंशीच्या पुढे गेले होते. मुलाने हात धरून स्टेजवर आणलं. शाल, श्रीफळ झालं. मंडळाची एक जुनी प्रथा आहे: सत्कारमूर्तीने एका गाण्याची फर्माईश करायची, आणि ती पुरी झाल्याशिवाय त्याने उठायचं नाही, कार्यक्रमही पुढे न्यायचा नाही. प्रथा त्यांनीच पाडलेली.

काकांनी माइक घेतला. गाण्याचं नाव सांगितलं. तेच.

"काय दिवस होते ते!" ते म्हणाले. "लोक मोर्चे काढायलते, आन् आपल्या मंडळात मात्र हे गाणं झालं. याच स्टेजवर. आपण कधी कोणाला अडवलं नाही."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हौ, लय मोकळ्या मनाचे आहेत काका."

त्यांना खोटं बोलायचं होतं असं मला वाटत नाही. लग्नाकार्यांत ते गाणं इतक्यांदा कानावर पडलं होतं, की त्याच्या आठवणीत त्यांनी स्वतःला चांगली जागा दिली होती. यामुळे माझा राग कमी झाला नाही. वाढला.

ताई माइकपाशी गेली. पन्नाशीचा आवाज थोडा जड झाला होता, पण ठेका पक्का. पहिल्या कडव्याला लोक सोबत गायला लागले. दुसऱ्याला मुलं पुढे येऊन नाचू लागली. ते संपत आलं आणि ताई मध्येच थांबली. साउंडवाल्याला तिने हाताने खूण केली. त्याने वाजतं संगीत बंद केलं.

ती काकांच्या खुर्चीपाशी गेली आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

"काका, इथे तुम्ही माझ्या हातातून माइक घेतला होता. घ्या."

ते हसले. "मी? काहीतरीच. तू कोणाची गं?"

"मास्तरांची. तुम्ही तेव्हा माइकवर जे बोललात, ते मागे घ्या."

"काय बोललो? मला नाही बाई आठवत."

मी उभी राहिले आणि ती दोन्ही वाक्यं म्हटली, जशीच्या तशी. सभागृहातली जुनी डोकी खाली गेली. त्यांना आठवत होतं. चिटणीसबाई विंगेतून पुढे आल्या आणि तिथेच थबकल्या.

"जुन्या गोष्टी आहेत, बेटा," काका म्हणाले. "आज चांगला दिवस आहे."

"तेव्हाही गणपतीच होते."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा उठला नाही. मग ते म्हणाले, "असं काही बोललो असेन, तर मागे घेतो."

असे खुलासे माझ्या टेबलावरून शेकड्यांनी गेले आहेत. ताईला मी खूण करणार होते, पण तिला गरज नव्हती.

"बोललो असेन, असं नाही, काका. बोललात."

काकांच्या खांद्यावरची शाल घसरली, ती त्यांनी सावरली नाही.

"बोललो होतो," ते म्हणाले. "मास्तरांना बोललो होतो. ते चूक होतं. मागे घेतो."

माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

ताईने माइक परत घेतला. त्यांच्या पाया पडली नाही, असू द्या म्हणाली नाही. फर्माईश पुरी करायची राहिली होती. तिसरं कडवं तिने त्यांच्याकडे बघत म्हटलं, संगीताशिवाय, सावकाश. कडी लावण्याची ओळ, काडी ओढण्याची ओळ. ज्यांना हे कडवं आहे हेच माहीत नव्हतं, ते नाचणारे लोक जागच्या जागी उभे होते. काका ऐकत बसले. सत्कारमूर्ती फर्माईश संपेपर्यंत उठत नाही.

सूड घेतल्यावर माणसाला रिकामं वाटतं, असं लिहायची पद्धत आहे. आम्हाला तसं वाटलं नाही. ताई दोनदा मसालेभात वाढून घेऊन जेवली, वर चिंचेचा खट्टा प्यायली. चिटणीसबाई आमच्याशी बोलल्या नाहीत. तो त्यांचा हक्क होता.

निघताना वकीलकाका दारातल्या खुर्चीवर बसले होते. मुलगा गाडी आणायला गेला होता. ते खाली वाकून काठीने चपला उलटसुलट करत होते. त्यांची जोडी माझ्या पायाशीच होती. जुनी, काळी, रुंद अंगठ्याची. ते आले तेव्हा दारात काढताना मी पाहिली होती. ओळखली.

आम्ही दोघींनी आपापल्या चपला घातल्या आणि बाहेर पडलो.