वर्गातली दुसरी

जागृतीचं नाव निघालं की सयाजीला चहा हटकून अगोड लागायचा.

पिंपरी पेंढारचा हा गडी एम.ए.ला राज्यशास्त्रात वर्गात पहिला आलेला. मंचरच्या माणिकचंद शेटजींची जागृती दुसरी. पुढच्या शिक्षणासाठी दोघांनीही दिल्लीला अर्ज केला. मुलाखतीला ती गेली, हा पुणे स्टेशनवरून माघारी फिरला. इंग्रजीत बोलायची त्याला धास्ती. गावात मात्र त्यानं सांगितलं, "वडलांनी सोडलं न्हाई."

"मी कवा नको म्हणलो रं?" वडलांनी, चांगदेवांनी, घरात विचारलं. सयाजी ताटावरून उठून गेला.

तो तालुक्याच्या कॉलेजात शिकवू लागला. ती डॉक्टरेट घेऊन सिंगापूरला प्राध्यापक झाली. देशादेशांतला व्यापार आणि त्यामागचं राजकारण हा तिचा विषय. पुढं ती सुरक्षेवरही लिहू लागली. बंदुका-रणगाड्यांवर नव्हे, धान्य, पाणी, साथीचे रोग यांवर. पेपरात तिचा फोटो दिसला की सयाजी पान उलटायचा आणि आसपास कुणी नसलं की पुन्हा काढून बघायचा.

बर्ड फ्लूच्या वर्षी ती त्याच्या दारात आली. रोग लांब नंदुरबारकडं. पण इथल्या कोंबड्या कुणी फुकट घेईना.

"एका आजारानं बाजार कसा बसतो, त्यावर पुस्तक करायचंय," ती ओट्यावर बसत म्हणाली. "तू इथली माणसं ओळखतोस, सयाजी. दोघांच्या नावानं लिहू."

त्याच्या ओठांवर 'हो' आलं होतं. "पेपर तपासायचेत," तो म्हणाला.

ती गेल्यावर आरती, त्याची बायको, म्हणाली, "परीक्षा अजून झाल्या न्हाईत. पेपर कुठनं आले?"

पुस्तक निघालं. जागृतीच्या नावाशेजारी कुणा मलेशियन बाईचं नाव होतं. ते नाव सयाजीला इतकं झोंबलं, की चाळिशीच्या उंबऱ्यावर त्यानं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, कांद्याची निर्यातबंदी. ज्या इंग्रजीला भिऊन तो पळाला होता, तिच्याशी झटून त्यानं तोंडी परीक्षाही दिली.

डॉक्टर सयाजी झाल्यावर त्यानं पहिला फोन सिंगापूरला केला.

"अरे, आमच्या वर्गाचा पहिला नंबर तो!" जागृती आनंदानं ओरडली. त्यात कुठं खोच सापडते का, म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला. कुठंच सापडली नाही.

"काय म्हणाली?" आरतीनं विचारलं.

"काय म्हणणार?" सयाजीनं फोन ठेवला. "जळली असंल."