पाहुण्यांच्या बॉक्सचं दार

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी टोकियोतल्या एका विद्यापीठाचा महिला आइस हॉकी संघ मोसमातला शेवटचा सामना दोन विरुद्ध तीन असा हरला आणि वरच्या गटातून खालच्या गटात गेला. समोरच्या संघाचा तिसरा गोल झाला तेव्हा सामना संपायला अर्धं मिनिट उरलं होतं. त्या गोलाशी माझ्या मावसबहिणीचा संबंध आहे. ती खेळत नव्हती. तिचं वय त्रेपन्न आहे आणि तिला स्केटिंग येत नाही.

जपानात वक्तशीर माणसं पुष्कळ आहेत. पण जपानी माणसांनीच जिच्याबद्दल ‘जरा जास्तच होतं’ असं म्हणावं, अशी माझ्या माहितीत ताई एकटीच. ठाण्याच्या एका शाळेत तिने बारा वर्षं भूगोल शिकवला अशी नोंद आहे. प्रत्यक्षात तिने बारा वर्षं परीक्षांवर देखरेख केली. भूगोल मधल्या वेळात. शेवटची घंटा झाल्यावर तिच्या वर्गात कोणाला वाक्य पूर्ण करता येत नसे. ‘गोदावरी नदीचा उगम’ एवढंच लिहून झालेल्या एका मुलाची उत्तरपत्रिका तिने उगमासकट काढून घेतली. तो मुलगा पुढे पाटबंधारे खात्यात इंजिनियर झाला आणि अजून दर दिवाळीला तिला फोन करतो. पुढे यजमानांना बँकेने तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं, म्हणून ती मुलीला घेऊन तिथल्या एदोगावा भागात राहायला आली. त्याला आता तेरा वर्षं झाली. तिच्या घरात वेळेवर न संपलेली ही एकच गोष्ट.

मी कोबेला असतो. तिच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा दुपारी एकचं आमंत्रण होतं आणि मी एकला दोन मिनिटं कमी असताना खालून बेल वाजवली. इंटरकॉमवरून तिचा आवाज आला, “अजून दोन मिनिटं आहेत.” मी दोन मिनिटं खाली उभा राहिलो. एक वाजता दार उघडलं, पानं वाढलेली होती, आणि तिने अतिशय प्रेमाने विचारलं, “प्रवासात त्रास नाही ना झाला?” तिच्या इमारतीत कचरा सकाळी आठच्या आत ठेवायचा नियम आहे. तिथले म्हातारे व्यवस्थापक पूर्वी प्रत्येकाची पिशवी तपासत. ताई आल्यापासून ते सकाळी नुसते खाली येतात, तिला वाकून नमस्कार करतात आणि आज सगळं ठीक आहे ना, असं विचारून वर जातात. तिचं जपानी ती कोणत्याही वर्गात शिकलेली नाही. स्टेशनवरच्या घोषणा ऐकून शिकलेली आहे. त्यामुळे सुपरमार्केटच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं, तर ती मृदू आणि स्पष्ट स्वरात सांगते, “धोकादायक आहे. कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहावे.” रेष नसली तरी माणसं मागे सरतात.

भाची विद्यापीठात गेली आणि आइस हॉकी खेळू लागली, तेव्हा ताईला हा खेळ मुळीच आवडला नाही. गोलकीपर धरून बारा मुली, त्यांतल्या निम्म्यांनी कॉलेजात येईपर्यंत बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही, आणि सराव पहाटे पाचला, कारण बाकीच्या वेळी रिंक दुसऱ्यांना दिलेली. वेळ पाहून तिचा विरोध थोडा मावळला. पहिला सामना पाहायला ती दोन स्वेटर घालून गेली. एका मुलीने दुसरीला मागून ढकललं. पंचाने शिट्टी वाजवली आणि ढकलणारीला काचेच्या एका खोलीत नेऊन दोन मिनिटं बसवलं. दाराशी घड्याळ घेऊन एक माणूस बसला होता. वेळ झाल्यावर त्याने दार उघडलं. ताईने विचारलं, “हे दर वेळी करतात?” भाचीची मैत्रीण म्हणाली, दर वेळी. त्या दिवसापासून ताईने एकही सामना चुकवला नाही.

या खोलीला पेनल्टी बॉक्स म्हणतात. प्रत्येक संघाचा एकेक असतो आणि दारावर बसायला माणसं यजमान संघाने द्यायची असतात. भाची तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा दारावरचा विद्यार्थी एकदा तापाने आला नाही. ताई गॅलरीतून उतरली, पाहुण्यांच्या बॉक्सच्या दाराशी जाऊन बसली आणि पुन्हा कधी उठली नाही. आयोजकांनी दिलेलं स्टॉपवॉच तिने स्वतःच्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मगच हातात धरलं.

तिच्या बॉक्समध्ये येणाऱ्या मुली संतापलेल्या असत. होक्काइदोकडची एक दांडगी मुलगी काठी आपटत आत शिरली. ताईने तिला काठी उचलून कोपऱ्यात उभी करायला लावली, नीट बसवलं आणि सांगितलं, “आपले सामान जवळ ठेवावे. दार उघडताना सावध राहावे.” मुलगी हो म्हणाली. जाताना तिने वाकून आभार मानले. पुढे पाहुण्या संघांतल्या मुलीही तिला ‘सेन्सेई’, म्हणजे बाई, म्हणू लागल्या. स्वतःच्या मुलीला शिक्षा झाली की ती समोरच्या बॉक्समध्ये जाई आणि निकाल घरी लागे.

“आई, माझी चूक नव्हती. ती स्वतःच पडली.”

“मग दोन मिनिटं कशाला बसलीस?”

“पंचांनी बसवलं म्हणून!”

“पंच काय तुझ्या वाईटावर आहेत?”

यावर भाची जपानीत काहीतरी पुटपुटे. ताई म्हणे, “मराठीत बोल. समजलंय मला.”

चौथ्या वर्षी भाची कर्णधार झाली. मोसमातले पहिले चार सामने संघ हरला, मग दोन बरोबरीत सोडवले, एक जिंकला. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी संघ वरच्या गटात टिकला असता. भाचीने नव्या मुलींना शब्द दिला होता, की संघ वरच्याच गटात तुमच्या हाती देईन आणि मग जाईन. हे ताईला माहीत होतं. त्या आठवड्यात तिने मुलीसाठी रोज पहाटे साडेतीनला उठून डबा केला.

मी त्या दिवशी पहिल्या गाडीने कोबेहून आलो आणि काचेमागे, ताईच्या पाठीशी बसलो. सामना संपायला अडीच मिनिटं असताना दोन-दोन अशी बरोबरी होती. पाहुण्या संघाच्या सतरा नंबरच्या मुलीने आमच्या एकीला पाय घालून पाडलं. दोन मिनिटं. ताईने दार उघडलं, तिला आत घेतलं, बसवलं, दार लावलं. गोलकीपर सोडून बर्फावर आता आमच्या पाच मुली आणि त्यांच्या चार. आमच्या पाचही जणी पुढे चढल्या. शिक्षा संपायला चार-पाच सेकंद असताना त्यांच्या एका मुलीने पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, जोराने बाहेर फटकावली. ती कडेला आपटून परतली आणि बॉक्सच्या दारासमोरून संथ घसरत निघाली. आमची गोलकीपर सोडली तर मागे कोणी नव्हतं. भाची वळली आणि पकच्या मागे धावली. तिला पोचायला पाच-सहा सेकंद लागले असते. सतरा नंबरला एक.

सतरा नंबर उभी राहून दारावर काठी ठोकू लागली. ताईने पक पाहिली. मुलीला येताना पाहिलं. मग घड्याळाकडे पाहून ती म्हणाली, “अजून दोन सेकंद आहेत. कृपया थांबावे.” दोन सेकंद झाले. तिने दार उघडलं.

पुढचं नोंदीत आहे.

सामन्यानंतर दोन्ही संघ समोरासमोर वाकले. आम्ही तिघं रेल्वेने परत निघालो. भाचीच्या खेळाच्या सामानाची पिशवी मध्ये होती. पाचव्या स्टेशनाला भाचीने विचारलं, “किती राहिले होते?”

“शून्य,” ताई म्हणाली.

भाचीने मान हलवली. दोन स्टेशनांनंतर ती म्हणाली, “भूक लागलीय.”

दुपारी ती झोपल्यावर ताई स्वयंपाकघरात बराच वेळ ओटा पुसत होती. मी म्हणालो, “ताई, दोन-तीन सेकंदांनी कोणाला कळलं नसतं.”

“कळलं नसतं,” ती म्हणाली. फडकं पिळून म्हणाली, “वर्गातल्या कोणाला कधी दिले नाहीत रे मी. हिला कसे देऊ?” आणि पुन्हा ओटा पुसू लागली.

त्यानंतर तिने हॉकीचा विषय काढला नाही. तिच्या यजमानांनी फोनवर सांगितलं, की ती पहाटे उठते, चहा करते आणि नुसती बसते. जेवायला बोलावलेल्या एका शेजारणीसाठी तिने दार पाच मिनिटं आधीच उघडलं. मार्चअखेर भाचीला साप्पोरोत नोकरी लागली आणि ती गेली. निघण्यापूर्वी मावळत्या कर्णधाराने पुढच्या मोसमातल्या कामांची यादी हाताने लिहून क्लबच्या खोलीत लावायची असते. ती तिने लावली होती.

एप्रिलमध्ये नव्या कर्णधाराने त्या यादीचा फोटो ताईला पाठवला. बाकीची नावं जपानीत होती. पाहुण्यांच्या बॉक्सपुढे जे लिहिलं होतं ते क्लबमध्ये कोणालाच वाचता येत नव्हतं. सेन्सेई, हे कोणाचं नाव आहे, असं तिने विचारलं होतं.

देवनागरीत लिहिलं होतं : आई.

ताईने उत्तर पाठवलं, “माझं. किती वाजता यायचं?”

नव्या मोसमातला पहिला सामना सकाळी दहाला होता. ती सव्वाआठला पोचली.